छपरावरचं पाणी टाकीत उतरवताना: आकडेमोडीपासून तोटीपर्यंत

एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला, की होतं बरोबर एक लिटर पाणी. या लेखातलं पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे. ८० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलीमीटरची एक दमदार सर आली, तर २,००० लिटर पाणी खाली येतं आणि बहुतेक घरांत ते अर्ध्या तासात गटाराला मिळतं.

पावसाचं पाणी साठवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी टाकी बघायला निघतात. मीही तेच केलं होतं. टाकी आली, पाइप जोडला, पहिल्याच पावसात भरलीसुद्धा, आणि महिन्याभरात त्या पाण्याला असा वास सुटला की झाडांना घालतानाही नाक दाबावं लागे. टाकीत दोष काहीच नव्हता. चुकलं होतं ते सगळं टाकीच्या झाकणाच्या वर: पाला, पक्ष्यांची विष्ठा, धूळ यांना कुठेच अडवलेलं नव्हतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी वापर, मग छप्पर, मग पन्हळ, मग पहिलं घाण पाणी बाहेर काढायची सोय, आणि टाकी त्यानंतर.

पाणी कशाला वापरणार, ते आधी ठरवा

वापर ठरला की किती साठवायचं, किती गाळायचं आणि किती खर्च करायचा, हे तिन्ही प्रश्न आपोआप सुटत जातात.

झाडं, अंगण, गाडी यांना साधं निवळलेलं पाणी चालतं. संडासात ओतायलाही तेवढंच पुरे, फक्त त्यात गाळ आणि वास नको, नाहीतर फ्लशच्या टाकीतले रबरी भाग लवकर खराब होतात. कपडे धुवायला पावसाचं पाणी फार छान, कारण ते मऊ असतं: साबण कमी लागतो, फेस भरपूर होतो, यंत्रात क्षार साचत नाहीत. मात्र त्यासाठी बारीक गाळणी हवी, नाहीतर पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक येते. अंघोळ आणि भांडी ही पुढची पायरी, आणि पिणं-स्वयंपाक ही सर्वांत वरची. तिच्याबद्दल शेवटी स्वतंत्र बोलू.

आता आकडे मांडा. घरात चार माणसं, प्रत्येकाचे दिवसाला पाच फ्लश, दर फ्लशला ६ लिटर, म्हणजे रोजचे १२० लिटर. भाजीचा वाफा २० चौरस मीटरचा असेल आणि उन्हाच्या दिवसांत रोज ५ मिलीमीटर पाणी द्यायचं असेल, तर रोजचे १०० लिटर. तुमचे आकडे वेगळे असतील. अंदाज बांधण्यापेक्षा आठवडाभर बादल्या मोजा. आपण किती पाणी वापरतो याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर पावसाचं पाणी घराबाहेरच वापरा. यंत्रणेतल्या चुका या काळात समोर येतात, आणि चुकीची किंमत पोटाला मोजावी लागत नाही.

छप्पर

छपराचं क्षेत्रफळ मोजताना उतारावरची लांबी धरायची नाही. माथ्यावर सूर्य असताना छपराची जमिनीवर जेवढी सावली पडेल, तेवढंच क्षेत्रफळ. उतार कितीही असो, पाऊस तेवढ्याच जागेवरचा मिळतो. मोजायला सोपं: छपराच्या कडांच्या सरळ खाली जमिनीवर खुणा करा आणि टेप लावा.

पडलेलं सगळं पाणी हाती लागत नाही. थोडं छप्पर शोषून घेतं, थोडं वाफ होऊन जातं, थोडं उडतं. गुळगुळीत पत्र्यावरून साधारण ९० टक्के मिळतं, कौलांवरून आणि सिमेंटच्या गच्चीवरून ७५ ते ८५ टक्के. गवताने शाकारलेल्या किंवा माती टाकून झाडं लावलेल्या छपरावरून फारच कमी, आणि जे येतं ते चहासारखं तांबूस.

काही छपरांचं पाणी पिण्यासाठी धरूच नये. शिशाचे पत्रे किंवा सांध्यांवर शिशाच्या पट्ट्या, शिसं असलेला जुना रंग, डांबराचा लेप, झिजून तंतू सुटायला लागलेले ॲस्बेस्टॉसचे पत्रे, कीड लागू नये म्हणून रसायन पाजलेलं लाकूड, ही ती यादी. पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्ल असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू (पीएच) ५.६च्या आसपास असतो. त्यात क्षार नसल्यासारखेच, त्यामुळे ते धातूवरून वाहताना थोडा धातू सोबत घेतं. म्हणूनच तांब्या-शिशाच्या पाइपातून हे पाणी खेळवायचं नाही.

छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा. पाल्यापेक्षा त्रास पक्ष्यांचा आणि फांदीवरून उतरणाऱ्या उंदरांचा जास्त असतो. गच्ची सपाट असेल तर पावसाळ्याआधी एकदा बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचतं ते बघा. जिथे डबकं राहतं तिथे शेवाळ धरतं आणि डासांचं फावतं. तिथे उतार काढून घ्यायला हवा.

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवर नद्या किंवा गोड्या पाण्याची मोठी तळी नाहीत, तिथे घरं शतकानुशतकं छपरावरच्या पाण्यावर जगली. तिथली पारंपरिक छपरं पायऱ्यापायऱ्यांची आणि चुन्याने पांढरी केलेली असतात. पायऱ्यांनी पाण्याचा वेग मोडतो आणि ते कडेवरून उडून जात नाही. छप्पर म्हणजे भांडं आहे, हे त्यांनी घर बांधतानाच गृहीत धरलं. आपल्याला तयार घरावर जुळवून घ्यायचं आहे, एवढाच फरक.

किती येईल, किती टिकेल

सूत्र सोपं: क्षेत्रफळ (चौरस मीटर) × पाऊस (मिलीमीटर) × हाती येणारा वाटा = लिटर.

समजा, कौलारू छप्पर ६० चौरस मीटरचं आहे, वाटा ०.८ धरला, आणि रोजची गरज १०० लिटर, म्हणजे महिन्याला ३,०००. पहिल्या महिन्यात १५० मिलीमीटर पाऊस झाला, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात फक्त १०.

पहिल्या महिन्यात येतील ७,२०० लिटर, वापरले जातील ३,०००, उरतील ४,२००. दुसऱ्यात १,९२० येतील, शेवटी उरतील ३,१२०. तिसऱ्यात ४८० येतील आणि महिना संपताना टाकीत ६०० लिटर शिल्लक असतील. म्हणजे ५,००० लिटरची टाकी असती तर तिन्ही महिने निभले.

आता तोच हिशोब २,००० लिटरच्या टाकीचा करा. पहिल्या महिन्याअखेरी टाकी भरलेली, पण उरलेलं सगळं वाहून गेलेलं. दुसऱ्या महिन्याअखेरी ९२० लिटर, आणि तिसऱ्या महिन्यात दोन आठवड्यांत टाकी कोरडी. उलट कोणी हौसेने १०,००० लिटरची घेतली, तर या छपरावर ती कधीच अर्ध्याच्याही वर जाणार नाही. टाकीचा आकार छप्पर, पाऊस आणि वापर या तिघांच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो असा महिन्यामहिन्याने कागदावर मांडल्याशिवाय सापडत नाही. किमान दहा वर्षांचा महिनावार पाऊस मिळाला तर उत्तम. सरासरीवर विसंबू नका, त्यातलं एक कोरडं वर्ष घेऊनही हिशोब करून बघा.

पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असेल तर आणखी सोपी पद्धत आहे. दोन पावसांमधला सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा असतो ते बघायचं आणि रोजच्या गरजेने गुणायचं. २० दिवसांचा खंड आणि १०० लिटर म्हणजे २,००० लिटर. पण चार-सहा महिने कोरडे जात असतील, तर तेवढे सगळे दिवस टाकीतून काढायचा हट्ट बहुधा परवडत नाही. १२० दिवसांना १०० लिटर म्हणजे १२,००० लिटर, आणि तेवढी टाकी ठेवायला जागाही लागते. अशा वेळी पावसाळ्यात नळाचं पाणी पूर्ण वाचवायचं आणि जादा पाणी जमिनीत जिरवायचं, हाच शहाणा मार्ग.

पन्हळ आणि खाली उतरणारा पाइप

पन्हळीचं काम दिसायला सोपं, पण सगळ्यात जास्त पाणी वाया जातं ते इथे. जोरदार पावसाच्या भागासाठी एक ढोबळ माप उपयोगी पडतं: छपराच्या दर चौरस मीटरला पन्हळीचा छेद किमान १ चौरस सेंटीमीटर हवा. १५ सेंटीमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ साधारण ८८ चौरस सेंटीमीटरची भरते, म्हणजे ८०-८५ चौरस मीटर छपराला पुरते. उभ्या पाइपालाही हेच माप लावा. १०० मिलीमीटर व्यासाच्या पाइपाचा छेद ७८ चौरस सेंटीमीटर येतो.

उतार दर मीटरला अर्धा ते एक सेंटीमीटर. त्याहून कमी दिला तर पाणी आणि गाळ साचतो. जास्त दिला तर पन्हळीचं एक टोक छपरापासून इतकं खाली जातं की पागोळ्या तिच्या बाहेर पडायला लागतात. उतार डोळ्याने काढू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात, ती पद्धत सगळ्यात खात्रीची. आधार दर ६० ते ७० सेंटीमीटरला द्या. पाण्याने भरलेली पन्हळ जड असते, आणि मधे झोळ आला की तिथे डबकं ठरलेलंच.

पन्हळ छपराच्या कडेला नेमकी कुठे बसवायची, याकडे फार कमी लोक बघतात. रिमझिम पावसात पाणी कडेला चिकटून मागे, भिंतीकडे ओघळतं. मुसळधार पावसात तेच पाणी कडेवरून झेप घेऊन पुढे पडतं. दोन्ही झेलायचं तर छपराची कड पन्हळीच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या एक-तृतीयांश भागावर यायला हवी. बसवून झाल्यावर पाऊस येईपर्यंत थांबू नका. छपरावर पाइपाने पाणी सोडा आणि खाली उभं राहून बघा. आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन पुन्हा बघा. मला तरी खरा दोष तेव्हाच कळला.

पाला अडवायला पन्हळीवर सलग जाळी टाकतात. मला ती आवडत नाही. तिच्यावर पाला चिकटतो, खालून गाळ धरतो आणि साफ करायला पूर्ण जाळी उचकटावी लागते. त्यापेक्षा उभ्या पाइपाच्या तोंडाशी एक खोका बसवून त्यावर तिरकी जाळी लावा, ४५ अंश किंवा त्याहून उभी. पाणी जाळीतून आत जातं आणि पाला घसरून खाली पडतो. हा खोका हात पोहोचेल अशा उंचीवर असावा. ज्या गाळणीपर्यंत पोहोचायला शिडी लागते, ती वर्षातून एकदाच साफ होते.

पहिलं पाणी बाहेर

या सगळ्यातलं एकच काम नीट करायचं असेल, तर हे करा. कोरड्या दिवसांत छपरावर धूळ, विष्ठा, मेलेले किडे, धुराची काजळी साचत असते. पावसाची पहिली काही मिनिटं छप्पर धुतलं जातं आणि ती सगळी घाण त्या पाण्यातून खाली येते. हे पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

हाताने व्हॉल्व्ह फिरवून ते बाहेर सोडता येतं, पण पाऊस रात्री तीनला येतो आणि आपण झोपलेलो असतो. म्हणून आपोआप चालणारी सोय हवी, आणि ती साध्या पाइपातून घरी बनते.

१. किती पाणी बाजूला काढायचं ते ठरवा. छप्पर बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर दर चौरस मीटरला अर्धा लिटर. झाडाखाली असेल, पक्षी बसत असतील किंवा जवळ धुळीचा रस्ता असेल तर १ ते २ लिटर. ६० चौरस मीटरला अर्ध्या लिटरने ३० लिटर होतात.

२. तेवढं पाणी मावेल असा जाड पाइप निवडा. आतला व्यास १०० मिलीमीटर असेल तर दर मीटरला सुमारे ७.८ लिटर मावतं, १५० असेल तर १७.७, आणि २०० असेल तर ३१.४ लिटर. आपल्या ३० लिटरांना १५० मिलीमीटरचा १.७ मीटर पाइप पुरतो.

३. छपरावरून येणाऱ्या पाइपात, टाकीकडे वळण्याच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडा. टीच्या खालच्या तोंडाला हा जाड पाइप उभा लावा, आडव्या तोंडातून टाकीकडे जाणारा पाइप काढा. पाणी आधी खालचा पाइप भरतं, तो भरला की मागचं स्वच्छ पाणी आडव्या वाटेने टाकीत जातं.

४. जाड पाइपात एक तरंगता चेंडू टाका, आणि टीच्या खाली चेंडूपेक्षा किंचित लहान तोंडाचा रिड्यूसर (पाइपाचं तोंड अरुंद करणारा जोड) बसवा. पाइप भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि खालची घाण वरच्या धारेत मिसळत नाही. चेंडू नसला तरी यंत्रणा चालते, पण असला तर फरक दिसतो.

५. पाइपाच्या तळाला पेचाचं झाकण लावा आणि त्यात एक बारीक छिद्र पाडा. पुढच्या पावसाआधी पाइप इथून रिकामा व्हायला हवा.

छिद्र किती बारीक? १ मिलीमीटरच्या छिद्रातून वरचे ३० लिटर निथळायला साधारण ६ तास लागतात, २ मिलीमीटरच्या छिद्रातून दीड तास. छिद्र मोठं केलं तर दोन सरींमधे तासाभराची उघडीप मिळाली तरी पाइप रिकामा होतो आणि धुतलेल्या छपरावरचं चांगलं पाणी पुन्हा बाहेर जातं. फार बारीक ठेवलं तर ते गाळाने बुजतं. माझं एकदा बुजलं, आणि मला पत्ताच नाही. जाड पाइप आधीच्या पावसाचा तसाच भरलेला राहिला, त्यामुळे तीन आठवड्यांच्या उघडिपीनंतरची पहिली घाण थेट टाकीत उतरली. तेव्हापासून दीड मिलीमीटरचं छिद्र ठेवलं आहे, आतून त्याच्यावर जाळीचा तुकडा बसवला आहे आणि दर मोठ्या पावसानंतर झाकण उघडून घाण सोडून देतो. दोन मिनिटांचं काम आहे. छिद्रातून ठिबकणारं पाणी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी जाईल असं करा, तेही वाया जात नाही.

टाकी

टाकी प्लॅस्टिकची, सिमेंटची की स्टीलची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते महत्त्वाचं एवढंच, की आत उजेड शिरता कामा नये. उजेड शिरला की शेवाळ आलं. पिण्याचा विचार असेल तर प्लॅस्टिक अन्नाच्या दर्जाचं हवं, आणि जुनं पिंप घेत असाल तर त्यात आधी काय होतं याची पक्की खात्री हवी. कीटकनाशकाचं किंवा तेलाचं पिंप कितीही धुतलं तरी घेऊ नका. सिमेंटची नवी टाकी पहिल्यांदा भरली की पाणी बरंच अल्कधर्मी होतं. ती दोन-तीनदा भरून सोडून द्या. पुढे मात्र तेच सिमेंट पावसाच्या पाण्याची आम्लता मारतं, हा तिचा फायदा.

वजन विसरू नका. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो. गच्चीवर किंवा बाल्कनीत टाकी ठेवण्याआधी बांधकामाच्या जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमिनीवर ठेवायची असेल तर खालची माती चोपून, सपाट करून, टाकीच्या बुडापेक्षा थोडा मोठा पक्का चौथरा बांधा. चौथरा निदान अर्धा मीटर उंच असला तर तोटीखाली बादली मावते. हसू नका, माझी पहिली टाकी जमिनीवरच ठेवली होती आणि महिनाभर मी तांब्याने बादली भरत होतो.

आत येणारा पाइप वरून धबधब्यासारखा सोडू नका. तो तळापर्यंत न्या आणि शेवटी तोंड वर वळवा, म्हणजे येणारं पाणी तळाचा गाळ ढवळत नाही. वापराची तोटी तळापासून १० ते १५ सेंटीमीटर वर, आणि गाळ काढायला दुसरी, अगदी तळाशी. पंप लावणार असाल तर पाणी ओढणाऱ्या लवचिक नळीला तरंगता गोळा बांधा, म्हणजे ती पृष्ठभागाच्या थोडं खालून पाणी घेते. सगळ्यात स्वच्छ पाणी तिथेच असतं, कारण जड घाण तळाशी बसते आणि हलकी वर तरंगते. शांत, अंधाऱ्या टाकीत पाणी काही दिवस नुसतं राहिलं तरी बरंचसं निवळतं आणि जंतूही कमी होतात. तिला आपलं काम करू द्या, सारखी ढवळू नका.

डासांची गोष्ट गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारे एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतात आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून टाकीचं प्रत्येक तोंड, आत येणारं, जादा पाणी बाहेर सोडणारं, हवा खेळवणारं, एक मिलीमीटरपेक्षा बारीक जाळीने बंद हवं. झाकण घट्ट, आणि लहान मुलांना उघडता येणार नाही असं. मोठी टाकी आतून साफ करायला एकट्याने उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि आतल्या माणसाला ते कळतही नाही.

जादा पाण्याची वाट

आत येणारा पाइप १०० मिलीमीटरचा आणि बाहेर जाणारा २५चा, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. टाकी भरली की पाणी झाकणातून उसळतं आणि चौथऱ्याखालची माती धुऊन नेतं. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्याइतकाच हवा. ते पाणी घराच्या पायापासून किमान ३ मीटर लांब न्या, आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. तिथे शोषखड्डा खणून दगड-खडी भरा, किंवा खोलगट जागी झाडं लावा. खड्डा चालेल का ते आधी तपासा: हातभर खोल खड्ड्यात पाणी भरा, ते पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदाचं पाणी दिवसभरात जिरलं नाही तर ती जमीन शोषखड्ड्याला योग्य नाही. हे पाणी मैल्याच्या टाकीत कधीच सोडू नका. आणि न गाळलेलं छपराचं पाणी थेट विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडू नका. जमिनीतून झिरपताना जी गाळणी मिळते, ती तिथे मिळत नाही, आणि एकदा बिघडलेलं भूजल सुधारणं फार कठीण असतं.

घरात नेताना

टाकीची उंची आणि दाब यांचं नातं सरळ आहे: १० मीटर उंचीला जवळपास १ बार. चौथऱ्यावरच्या टाकीतून ठिबक आणि बादली चालते, कपडे धुण्याच्या यंत्राला बहुधा पंप लागतो.

इथे एकच नियम, पण त्याला अपवाद नाही. पावसाच्या पाण्याची नळवाहिनी आणि सार्वजनिक पुरवठ्याची नळवाहिनी कुठेही जोडायची नाही, मधे व्हॉल्व्ह ठेवूनसुद्धा नाही. पुरवठ्याचा दाब पडला की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन सगळ्यांच्या नळांत जाऊ शकतं. पावसाची टाकी कोरडी पडल्यावर तिच्यात नळाचं पाणी घ्यायचं असेल तर नळाचं तोंड टाकीच्या सर्वांत वरच्या पाणीपातळीपासून पाइपाच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच, हवेत मोकळं ठेवा. पाइपांना वेगळा रंग द्या आणि प्रत्येक तोटीवर ‘पिण्यासाठी नाही’ असं लिहा. आपल्याला माहीत असतं, पाहुण्यांना नसतं.

प्यायचं असेल तर

दिसायला काचेसारखं स्वच्छ पाणी सुरक्षित असेलच असं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात. म्हणून गाळणं आणि जंतू मारणं ही दोन्ही कामं, याच क्रमाने, रोज. पाणी गढूळ असताना क्लोरीन आणि ऊन दोन्ही नीट काम करत नाहीत.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. क्लोरीन वापरायचं तर सुगंध नसलेलं, ५ टक्क्यांचं साधं ब्लीच, लिटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटं झाकून ठेवा. त्यानंतर क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. नाही आला तर तेवढाच डोस पुन्हा द्या आणि आणखी थांबा. टाकीतच घालायचं असेल तर १,००० लिटरला १०० मिलीलिटर. मात्र क्लोरीनला क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी दाद देत नाहीत, उकळी देते. तिसरा मार्ग उन्हाचा: स्वच्छ पाणी २ लिटरपर्यंतच्या पारदर्शक पीईटी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात ६ तास आडवं ठेवायचं, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस.

यातलं काहीही शिसं किंवा रसायनं काढत नाही. २०२२ साली स्टॉकहोम विद्यापीठ आणि ईटीएच झ्युरिकच्या संशोधकांनी दाखवलं, की पीएफएएस नावाची न विघटणारी रसायनं दुर्गम भागांतल्या पावसातही सापडतात, आणि त्यांचं प्रमाण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने पिण्याच्या पाण्यासाठी त्या वर्षी सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरतं. कारखान्यांच्या किंवा मोठ्या रस्त्यांच्या जवळ राहणाऱ्यांनी म्हणूनच पिण्याच्या वाटेला न जाणं बरं. बाकीच्यांनी वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत तपासणी करावी. १०० मिलीलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू अजिबात सापडता कामा नये. घरच्या घरी हायड्रोजन सल्फाइडची कुपी वापरता येते: पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता. काळं पडलं नाही म्हणजे सगळं ठीक, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

वर्षभराची निगा

पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर आणि पन्हळ झाडून घ्या, सांधे बघा, जाळ्यांना भोक पडलेलं नाही ना ते बोट फिरवून तपासा. ऐन पावसात तिरकी जाळी आठवड्याला आणि पहिल्या पाण्याचा पाइप दर मोठ्या पावसानंतर. टाकीला वास यायला लागला तर आधी ब्लीच ओतू नका, कारण शोधा: बहुतेक वेळा पन्हळीत कुजलेला पाला किंवा बुजलेलं छिद्र सापडतं. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांतून एकदा काढला तरी चालतो, त्याहून लवकर भरत असेल तर वरची गाळणी काम करत नाही.

एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर एका उभ्या पाइपाखाली २०० लिटरचं झाकणाचं पिंप, तोंडाला जाळी, खाली तोटी आणि जादा पाण्याला नळी, इतक्यावर एक पावसाळा काढा. पाऊस संपल्यावर पिंप नुसतं उपडं करून ठेवू नका. आतली भिंत, विशेषतः पाण्याची रेघ असते तिथे, ताठ ब्रशने घासून धुवा. एडिसची अंडी तिथेच चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या वर्षी पहिलं पाणी लागलं की फुटतात.